साष्टांग नमस्कार

विम या टेक्स्ट एडिटरसाठी मी एक छोटंसं प्लगिन, म्हणजे जोडप्रोग्रॅम, लिहिलं. 'सान' टाइप केलं की 'साष्टांग नमस्कार' उमटायचा. विममध्ये संक्षेपांची सोय मुळातच आहे, पण तिथे पुढे स्पेससारखं काहीतरी दाबावं लागतं. एवढा वेळ कुणाला आहे? आमचं प्लगिन 'न' पडताक्षणी कामाला लागायचं.

दर बदलानंतर हाताने 'सान', 'सान' करून बोटं विटली, म्हणून टेस्ट, म्हणजे ही तपासणी आपोआप करणारा कोड, लिहायला बसलो. विममध्ये फीडकीज नावाचं फंक्शन आहे, ते कळा दाबल्याचं सोंग करतं. पहिल्याच फटक्यात मी एस्केप ही कळ दुहेरीऐवजी एकेरी अवतरणात लिहिलं. पठ्ठ्याने ते दाबलं नाही. त्याचं नाव तिरक्या रेघेसकट, अक्षर न् अक्षर फाइलीत उतरवून ठेवलं.

ते निस्तरलं, तर 'सान' उमटतंय पण नमस्कार होईना. हाताने टाइप केलं की होतोय! रात्री साडेअकराला उलगडा झाला. मजकूर बदलल्याची वर्दी विम प्लगिनला देतो, पण पुढची कळ रांगेत उभी असेल तर नाही. मी तर सगळ्या कळा एकदम ओतलेल्या. माणूस दोन अक्षरांच्या मध्ये जो रेंगाळतो, तेवढ्या फटीत माझं प्लगिन जगत होतं. बरं, यावर तोडगाही विमच्या मंडळींनीच काढून ठेवलाय: 'रांगेत कुणी नाही' अशी विमलाच थाप मारणारं फंक्शन! टेस्ट पास व्हायला आधी खोटं बोलावं लागतं, हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

नमस्कारानंतर इन्सर्ट मोड (ज्यात टाइप करता येतं ती अवस्था) चालू राहतो का, तेही बघायचं होतं. पण फीडकीजला 'एक्स' हा पर्याय दिला की कळा संपताच विम आपणहून एस्केप मारून त्या मोडमधून बाहेर पडतो. ते टाळायला उद्गारचिन्ह जोडलं, तर आता तो बाहेरच येईना. टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर चाळीस मिनिटं पुढच्या कळेची वाट बघत बसला.

"आपोआप चालतं ना ते?" बायको पाणी प्यायला उठली होती. "मग तू का जागा?"

शेवटी टायमर लावून त्याला बाहेर काढलं. दीड वाजता सगळ्या टेस्ट हिरव्या. खुशीत भाचीला वाढदिवसाचं पत्र लिहायला घेतलं. तिचं नाव सानिका.

स्क्रीनवर उमटलं: प्रिय साष्टांग नमस्कारिका.