कुत्र्याच्या मेंदूतील गाठ एक्स-रेमध्ये दिसत नाही

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांमधील श्वानपालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की उतारवयातील कुत्र्याला फिट आल्यास डोक्याचा एक्स-रे आणि रक्ततपासणी पुरेशी असते, एमआरआयच्या किरणांनी आणि भुलीने कुत्रा दगावतो, आणि गाठ सापडली तरी उपाय नसल्याने खर्च वाया जातो. हा संदेश काळजीपोटीच पुढे पाठवला जातो. पण तो मानल्यास हाल कुत्र्याचे होतात.

एक्स-रेमध्ये कवटीचे हाड दिसते, आतला मऊ मेंदू दिसत नाही. रक्ततपासणी हवीच, कारण साखर उतरल्याने किंवा यकृताच्या विकारानेही फिट येते; पण तिचा अहवाल चांगला आला, की संशय उलट मेंदूकडेच वळतो. आमच्या शेजारचा दहा वर्षांचा लॅब्रॅडॉर वाडग्यातील उजव्या बाजूचा दहीभात संपवून डावीकडचा तसाच ठेवायचा, आणि वाडगा फिरवून दिला की उरलेलाही खायचा. उपवन तलावावर फिरताना तो सारखा उजवीकडेच वळे. मेंदूच्या उजव्या भागात बिघाड असल्याचे हे लक्षण होते, परंतु तो बिघाड कशाचा, हे लक्षणांवरून कळत नाही.

ते एमआरआयमध्ये बरेचसे कळते. शिरेतून गॅडोलिनियमचे, प्रतिमेत गाठ ठळक करणारे औषध दिल्यावर मेंदूच्या आवरणातून वाढणारी मेनिंजिओमाची गाठ बहुधा एकसारखी उजळते आणि तिच्या कडेने आवरणावर शेपटीसारखी रेघ दिसते. ग्लायोमा हा गाठीचा दुसरा प्रकार मात्र मेंदूच्या आतच वाढतो, कधी कड्यासारखा उजळतो, आणि बॉक्सर, फ्रेंच बुलडॉग अशा आखूड तोंडाच्या जातींत अधिक आढळतो. रक्तपुरवठा तुटल्याने झालेली इजाही वरवर गाठीसारखी भासते, तेव्हा पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारी वेगळी प्रतिमा उपयोगी पडते. सीटी स्कॅन लवकर होतो, पण कवटीच्या मागच्या जाड हाडांमुळे लहान मेंदूच्या भागावर पट्टे उमटतात आणि तिथली गाठ निसटू शकते. अर्थात एमआरआयवरून प्रकाराचा अंदाजच बांधता येतो. खात्री गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच होते.

किरणांची भीती निराधार आहे. एमआरआय चुंबक आणि रेडिओलहरींवर चालतो. क्ष-किरण असतात ते संदेशाने सुचवलेल्या एक्स-रेमध्येच. भुलीचा धोका मात्र खरा आहे, आणि कवटीतील दाब वाढलेला असेल तर अधिकच. म्हणूनच श्वास आणि रक्तदाबावर सतत लक्ष ठेवून ती दिली जाते. अर्धा-पाऊण तास निश्चल पडून राहणे कुत्र्याला भुलीशिवाय जमणार नाही.

उपाय नाही, हेही खरे नाही. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने गाठीभोवतीची सूज उतरते, फिटवर फेनोबार्बिटोनसारखी औषधे आहेत, मेंदूच्या वरच्या बाजूची मेनिंजिओमा शस्त्रक्रियेने काढता येते, आणि किरणोपचाराने अनेक कुत्र्यांना वर्षभर किंवा अधिक काळ चांगले जगता येते. शेजारच्या लॅब्रॅडॉरला मेनिंजिओमा निघाली. औषधे सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात तो वाडग्याची डावी बाजूही चाटूनपुसून संपवू लागला.

प्रत्येक फिटसाठी एमआरआय लागतो, असे मी म्हणत नाही. सहा महिने ते सहा वर्षे वयात सुरू झालेली आणि तपासणीत अन्य दोष न आढळलेली फिट बहुधा साध्या अपस्माराची असते. मात्र वय अधिक असेल आणि स्कॅन करायचा ठरला असेल, तर त्याआधी स्वतःहून स्टेरॉइड देऊ नये. त्याने मेंदूच्या दाहाच्या खुणा झाकल्या जातात आणि स्कॅन पाहणाऱ्या डॉक्टरांना गाठ की दाह, हे ठरवणे अवघड होते.