‘युगोस्लाव्हियाचा धडा’ वर्गात वाचण्याआधी

रविवारी रात्री भाचीचा मेसेज आला. ती शाळेत आठवी-नववीला इतिहास शिकवते. ‘मामा, तू त्या लोकांबरोबर बोटीवर होतास ना? हे खरं आहे का? उद्या वर्गात वाचून दाखवीन म्हणते.’ खाली तोच फॉरवर्ड, ‘युगोस्लाव्हियाचा धडा’. महिन्याभरात तिसऱ्यांदा माझ्याकडे आला. आधीच्या दोन वेळा मी सोडून दिलं. आता तो मुलांच्या कानावर जाणार म्हटल्यावर गप्प बसवेना.

युगोस्लाव्हिया म्हणजे १९९१ पासून युद्धांत फुटत गेलेला युरोपातला देश. फॉरवर्डमध्ये म्हटलंय ते थोडक्यात असं: तिथली सर्बो-क्रोएशियन ही टिटोने, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तिथल्या राज्यकर्त्याने, लादलेली बनावट भाषा होती. खरं तर तिथे सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि माँटेनेग्रिन अशा चार वेगळ्या भाषा आहेत आणि दुभाष्याशिवाय एकाचं दुसऱ्याला कळत नाही. लिप्याही वेगळ्या. चार भाषा जबरदस्तीने एकत्र कोंबल्या म्हणून युद्ध पेटलं. आणि शेवटी, मुलांना आपापल्या भाषेच्या वेगळ्या शाळा मिळाल्यावर शांतता नांदली.

टिटोपासून सुरुवात करतो, कारण ते खोडायला एक तारीख पुरते. मार्च १८५० मध्ये व्हिएन्नात आठ जणांनी एका करारावर सह्या केल्या. त्यात वुक काराजिच आणि जुरो दानिचिच हे सर्ब होते, इव्हान माझुरानिच आणि दिमित्रिया देमेतर हे झाग्रेबच्या, म्हणजे क्रोएशियाच्या बाजूचे होते, मिक्लोशिच नावाचा स्लोव्हेन भाषापंडितही होता. आपलं साहित्य एक आहे, त्याची भाषाही एक असावी, आणि तिचा पाया हर्सेगोव्हिनाकडच्या दक्षिणी बोलीचा असावा, असं त्यांनी लिहून ठेवलं. टिटोचा जन्म १८९२ चा. बेचाळीस वर्षं आधी झालेल्या कराराचं खापर त्याच्या माथी कसं फोडता?

यात अर्धं खरं आहे, तेही सांगून टाकतो. १९५४ मध्ये नोव्ही सादला पुन्हा करार झाला आणि दोन्ही उच्चार (बेलग्रेडकडचा आणि झाग्रेबकडचा), दोन्ही लिप्या (रशियनसारखी सिरिलिक आणि रोमन) समान मानल्या गेल्या. पण सैन्यात आणि केंद्राच्या कारभारात बेलग्रेडचं, म्हणजे सर्बियन वळणच चाललं. क्रोएट लोकांना ते खुपलं आणि १९६७ मध्ये झाग्रेबच्या संस्थांनी आपल्या भाषेच्या नावासाठी आणि दर्जासाठी जाहीरनामा काढला. मिरोस्लाव्ह क्रलेझासारख्या मोठ्या लेखकाची त्यावर सही होती. तक्रार खरी होती, मी ती नाकारत नाही. पण ती होती वागणुकीबद्दल. भाषा बनावट आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आता ‘दुभाष्याशिवाय कळत नाही’. हे वाक्य वाचून मला खरोखर संताप आला.

मी ज्या बोटीवर थर्ड इंजिनियर होतो, तिथे चीफ रियेकाचा, म्हणजे क्रोएट. इलेक्ट्रिशियन नोव्ही सादचा सर्ब. सेकंड मेट माँटेनेग्रोतल्या कोटोरचा. सकाळी मेसमध्ये पाव मागताना चीफ म्हणायचा ‘क्रुह’, इलेक्ट्रिशियन ‘ह्लेब’ आणि सेकंड मेट ‘ह्ल्येब’. आमचा दापोलीचा मेसमन आठवड्याभरात तिन्ही शिकला. मागणारा कोणीही असो, पावाची टोपली त्याच्यापुढे जायची. दुधाला एक ‘म्लेको’ म्हणे, बाकीचे दोघे ‘म्लियेको’. एका रात्री जनरेटर बंद पडून सगळा अंधार झाला. इलेक्ट्रिशियन खालून ओरडला, ‘नेमा स्त्रूये!’ म्हणजे वीज नाही. चीफने वरून ओरडून त्याला काहीतरी विचारलं, त्याने उत्तर दिलं, सेकंड मेट टॉर्च घेऊन धावला. दुभाषा लागला असता तर मला, कारण तिथे न समजणारा मी एकटाच होतो. भाषेचं नाव विचारलं की ते आपापसात म्हणायचे ‘नाश्की’, म्हणजे आपली.

माझा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, मान्य. मग युगोस्लाव्हियातल्या युद्धांसाठी नेमलेलं हेगचं युद्धगुन्हे न्यायाधिकरण घ्या. १९९३ पासून २०१७ पर्यंत ते चाललं. सर्ब, क्रोएट, बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) अशा सगळ्या बाजूंचे सेनापती आणि पुढारी तिथे आरोपी होते, आणि सगळ्या बाजूंचे साक्षीदार येत होते. एका शब्दाचा अर्थ चुकला तर माणसाची जन्मठेप ठरायची किंवा टळायची. तिथे इंग्रजी आणि फ्रेंच होत्या, आणि आरोपी-साक्षीदारांसाठी बोस्नियन, क्रोएशियन, सर्बियन मिळून एकच दुभाषा-कक्ष होता. त्याला ‘बीसीएस’ म्हणत. एकमेकांवर तोफा डागलेल्या माणसांना हेडफोनवर एकाच भाषेत सुनावणी ऐकू येत होती. यापेक्षा मोठी परीक्षा कोणती घेणार?

खरे फरक कुठे आहेत, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला माहीतच नाही. ‘काय’ या अर्थाच्या शब्दावरून तिथे बोलींचे तीन गट मानतात: ‘श्टो’वाले, ‘चा’वाले आणि ‘काय’वाले. हो, झाग्रेबच्या उत्तरेला ‘काय’चा अर्थ ‘काय’च होतो, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कोण आनंद झाला होता! तिथल्या खेड्यातलं ठेवणीतलं बोलणं बेलग्रेडच्या माणसाला खरंच अवघड जातं. पण ‘काय’वाले आणि बहुतेक सगळे ‘चा’वाले क्रोएशियातच राहतात, म्हणजे ही दरी क्रोएशियाच्या आत आहे. चारही प्रमाणभाषा मात्र ‘श्टो’वाल्या बोलीवरच उभ्या आहेत. आणि बोस्नियातल्या सारायेव्होतला सर्ब दुधाला बेलग्रेडसारखं ‘म्लेको’ न म्हणता झाग्रेबसारखं ‘म्लियेको’ म्हणतो. म्हणजे उच्चारसुद्धा जातीधर्माची रेघ पाळत नाहीत.

लिपीचं दोन ओळींत आटोपतो. सर्बियातली मुलं दोन्ही लिप्या शिकतात. बेलग्रेडचं ‘पोलितिका’ हे वर्तमानपत्र सिरिलिकमध्ये निघतं आणि ‘ब्लिक’ रोमनमध्ये. आपल्याकडे शतकानुशतकं मराठी मोडीत लिहिली गेली, ती काय दुसरी भाषा होती? माँटेनेग्रोने २००९ मध्ये दोन अक्षरं वाढवली. वाढवू देत.

भाषेमुळे युद्ध? युगोस्लाव्हियात स्लोव्हेन आणि मॅसिडोनियन या खरोखर वेगळ्या भाषा होत्या. स्लोव्हेनियातलं युद्ध दहा दिवसांत संपलं आणि मॅसिडोनिया १९९१ मध्ये गोळी न झाडता बाहेर पडला. एक लाखाच्या आसपास माणसं मेली ती बोस्नियात, जिथे मारणारा आणि मरणारा एकच भाषा बोलत होते. त्या युद्धाला ऐंशीच्या दशकातली महागाई आणि कर्जं, सर्बियाचा नेता मिलोशेव्हिच याचं राजकारण, सीमांचे दावे अशी कारणं होती, आणि त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय.

नावाचा हक्क मात्र मी कोणाचा काढून घेत नाही. क्रोएशियन २०१३ पासून युरोपियन युनियनची अधिकृत भाषा आहे. आपल्या भाषेला आपलं नाव द्यावं, हे कोणालाही वाटेल. मार्च २०१७ मध्ये सारायेव्होत चारही देशांतल्या लेखक-अभ्यासकांनी समान भाषेचा जाहीरनामा मांडला. त्यातही हेच आहे: भाषा एक, तिची प्रमाणरूपं अनेक, जशी जर्मनीची आणि ऑस्ट्रियाची जर्मन, आणि नाव ज्याने त्याने आपलं द्यावं.

पण त्या नावावरून मुलांच्या मधे भिंत घालणं वेगळं, आणि फॉरवर्डचा शेवट नेमका त्याचंच कौतुक करतो. बोस्नियात याला ‘एका छपराखाली दोन शाळा’ म्हणतात. इमारत एक, पण बोस्नियाक मुलं वेगळी आणि क्रोएट मुलं वेगळी. कुठे दारं वेगळी, कुठे पाळ्या वेगळ्या, पुस्तकं आणि शिक्षक वेगळे, आणि कारण सांगायचं भाषेचं. जी मुलं संध्याकाळी एकाच गल्लीत एकाच भाषेत भांडतात, त्यांना सकाळी सांगायचं की तुमची भाषा निराळी. अशा पन्नासेक शाळा होत्या. २०१४ मध्ये बोस्नियाच्या ‘फेडरेशन’ नावाच्या भागाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव असल्याचं ठरवलं, तरी त्या सगळ्या बंद झाल्या नाहीत. याला शांतता म्हणणाऱ्याने आपलं मूल त्यातल्या एका दारातून पाठवून बघावं.

आणि हे मुलांना पटलं होतं का? यायत्से नावाच्या गावात २०१६ मध्ये आणखी एक वेगळी माध्यमिक शाळा काढायचं ठरलं, तेव्हा दोन्हीकडचे विद्यार्थी एकत्र रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी तो बेत सोडून द्यावा लागला. २०१८ मध्ये त्या विद्यार्थ्यांना अल्पसंख्याकांसाठीच्या कामाबद्दल दिला जाणारा मॅक्स व्हान डर स्टूल पुरस्कार मिळाला.

भाचीला मी एवढंच लिहिलं: फॉरवर्ड वाचू नकोस. फळ्यावर नकाशा काढ, त्यावर यायत्से दाखव आणि या पोरांची गोष्ट सांग. तुझ्या वर्गातल्यांपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठी होती ती.