फटाक्यांच्या फोटोला महागडा कॅमेरा लागत नाही

दिवाळी जवळ आली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. सारांश असा: फटाक्यांचे चांगले फोटो हवेत तर फुल-फ्रेम (प्रकाश टिपणारा मोठा सेन्सर असलेला) कॅमेरा आणि एफ/१.८ ची, म्हणजे मोठ्या छिद्राची, लेन्स लागते, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ३२०० ठेवावा, शटर वेगवान हवे, पर्वतीसारख्या उंच जागी जावे आणि मोबाइलवाल्यांनी या फंदात पडू नये. हे वाचून घरातला जुना कॅमेरा कपाटातच ठेवणारी माणसे आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सगळ्यात मोठी चूक लेन्स आणि आयएसओची. रात्र आहे म्हणजे प्रकाश कमी, असे हा मेसेज धरून चालतो. पण आपण अंधाराचा फोटो काढत नसतो. जळत्या ठिणग्यांचा काढतो, आणि त्या स्वतःच प्रखर असतात. एफ/११ (एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान) आणि आयएसओ १०० ऐवजी एफ/१.८ आणि ३२०० ठेवले, तर तीच ठिणगी हजारपटीहून अधिक उजळ उमटते. मग फटाक्यातल्या स्ट्राँशियमचा लाल काय आणि बेरियमचा हिरवा काय, दोन्ही पांढरेफटक! रंग हवे असतील तर आयएसओ १०० आणि ॲपर्चर, म्हणजे ते छिद्र, एफ/८ ते एफ/११. तिथे कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची साधी लेन्स पुरून उरते. फिल्मच्या काळातही लोक १०० चा रोल घालून, शटर ‘बी’वर (बटण दाबलेले असेपर्यंत उघडे) ठेवून आतषबाजी टिपायचे.

वेगवान शटरचा सल्ला तर पार उलटा. १/५०० सेकंदाला आकाशात नुसते ठिपके दिसतात. फटाक्याच्या फुलाची पाकळी म्हणजे ठिणगीने कापलेली वाट, आणि ती उमटायला दोन ते चार सेकंद लागतात. इतका वेळ शटर उघडे ठेवले तर फोटो जळेल, अशी भीती अनेकांना वाटते. पण ठिणगी पुढे सरकत असते, सेन्सरच्या एका जागी ती क्षणभरच असते. त्यामुळे जास्त वेळ दिला तर रेघ लांबते, उजळत नाही. तिचा उजळपणा ॲपर्चर आणि आयएसओवर ठरतो. समोरच्या इमारतीच्या खिडक्या मात्र हलत नाहीत, त्यांचा प्रकाश साठत जातो. एकाच फोटोत तीन-चार फुले हवी असतील तर बल्ब मोड (तोच ‘बी’) लावा आणि मधल्या वेळात लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरा, लेन्सला न टेकवता.

कॅमेरा हलता कामा नये, एवढी अट खरी. ट्रायपॉड नसेल तर गच्चीच्या कठड्यावर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवा. फोकस दूरच्या दिव्यावर हाताने लावा आणि मग त्याला हात लावू नका. फ्लॅश बंद.

पर्वतीचे म्हणाल, तर पुण्यातली दिवाळी ही एका मैदानावरची आतषबाजी नव्हे. फटाके गल्लोगल्ली, सोसायटी-सोसायटीत उडतात. उंचावरून ती फुले इवलीशी दिसतात, आणि वारा पडलेल्या रात्री शहरावर साचलेला धूर मधे येतो. एक किलोमीटरवरच्या फटाक्याचा आवाज तीन सेकंदांनी पोचतो, म्हणजे आवाज ऐकून शटर दाबाल तर फूल विझलेले असेल. त्यापेक्षा आपली गच्ची बरी. वारा असेल तर तो पाठीशी घ्या. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे मला सगळ्यात मोलाची वाटतात: आकाशात गडद निळाई असते आणि धूर अजून साचलेला नसतो.

राहिला मोबाइल. बहुतेक फोनचे ॲपर्चर बदलत नाही, ही अडचण आहे. पण प्रो मोड (सेटिंग हाताने बदलायची सोय) असेल तर आयएसओ सगळ्यात खाली, ५० किंवा १००, शटर अर्धा ते एक सेकंद आणि फोकस अनंतावर, एवढ्यावर सुंदर फोटो येतात. नाइट मोड आवर्जून बंद करा. तो अनेक फ्रेम एकमेकींवर रचतो, त्यात सरकत्या ठिणग्या तुटक होतात आणि काळे आकाश उगाच उजळते. डिजिटल झूमही टाळा. फूल लहान दिसले तरी चालेल, फोटो नंतर कापता येतो.