अदांदोझान कुठे गेला?

लेख आवडला, पण वाचून वाटतं की दाहोमेचा (पश्चिम आफ्रिकेतलं जुनं राज्य, आजच्या बेनिनमध्ये) राजा गेझो वारसाहक्कानेच गादीवर बसला. अहो, १८१८ मध्ये त्याने आधीचा राजा अदांदोझानला हटवलं, तेही द सूझा या ब्राझिली गुलाम-व्यापाऱ्याच्या मदतीने! गेझोचं चिन्ह म्हणजे भोकं पडलेलं मडकं: प्रत्येकाने एकेका भोकावर बोट ठेवलं तर पाणी गळणार नाही. एकीचं चित्र झकासच, फक्त अदांदोझानचं नाव राजांच्या यादीतूनच पुसलं. शेजारच्या ओयो साम्राज्याला द्यावी लागणारी खंडणी बंद केली, हे श्रेय गेझोचंच. गुलामांचा व्यापार सोडायचं मात्र ब्रिटिशांनी नाकेबंदी केल्यावर, १८५२ च्या तहात कबूल केलं, तेही अर्ध्या मनाने. अदांदोझानने ब्राझीलला भेट पाठवलेलं लाकडी सिंहासन रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयात होतं. २०१८ च्या आगीत तेही गेलं.