बाथरूमचं दार किती इंच?

मागच्या मे महिन्यात पुतणीचं लग्न होतं जळगावला. आम्ही धुळ्याचे, मुहूर्त सकाळचा, म्हणून आदल्या रात्री हॉटेलात उतरायचं ठरलं. बुकिंगआधी मी स्वतः फोन केला, व्हीलचेअर आहे माझी, पायऱ्या किती, बाथरूमचं दार केवढं. तर म्हणे, "टेन्शन नका घेऊ दादा, सगळं व्यवस्थित आहे." पोहोचलो तर दारातच तीन पायऱ्या, आणि दोन पोरं हसत पुढे आली, "उचली लेसूत ना भो!"

पोरांना काय बोलणार, जीव लावणारीच माणसं आपल्याकडची. पण चाळिशीतला माणूस पोत्यासारखा उचलून नेताना अख्खी लॉबी बघत असते हो. तेही एकवेळ चाललं असतं. माझी खुर्ची २५ इंच, बाथरूमचं दार २४. त्या एका इंचापायी मी रात्रभर पाणी प्यायलो नाही, मे महिन्यात, जळगावात! सकाळी पंगतीत आमरस, मी एका वाटीवर थांबलो तर मावशी रुसली, आता तिला भर पंगतीत काय सांगू. दुसरी रूम मागितली तर सगळी दारं तेवढीच, पैसे मागितले तर "नॉन-रिफंडेबल आहे सर."

वर मॅनेजर म्हणतो, तुमच्यासारखं कस्टमर वर्षातून एखादं येतं. अरे बाबा, येणार कसं? एकदा आलेला परत फिरकतो का?

आणि "आमची प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे" हे तर बोलूच नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारत म्हणजे खासगी पण लोकांच्या वापरातली, धंद्याचीसुद्धा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केंद्राला सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीपुरते नकोत, बंधनकारक करा. रॅम्पला १ ला १२ उतार लागतो, म्हणजे दीड फूट चढायला १८ फूट लांबी, सामानाच्या ट्रॉलीची घसरगुंडी म्हणजे रॅम्प नव्हे. जुन्या बिल्डिंगीत एवढी जागा नसते, कळतं मला. मग फोनवर तसं सांगा ना, मी पुतण्याकडे गादी टाकून झोपलो असतो!

आता मी फोनवरच म्हणतो, टेप घ्या, दार मोजा, मी होल्डवर थांबतो. बरेच जण फोन ठेवून देतात. सारंगखेड्याच्या यात्रेसाठी विचारत होतो तर एका लॉजवाल्याने खरंच मोजलं. म्हणाला, "२८ भरतंय, पण बाहेर दोन पायऱ्या आहेत भाऊ, नंतर म्हणू नका सांगितलं नाही."

त्याच्याकडेच बुक केली.