छत्रीचे आत्मवृत्त आणि मुलाची आठवण

माझ्या भाच्याने दुसरीत असताना ‘आमची सहल’ या विषयावर लिहिले होते की, बस लागल्यामुळे आपण सगळा रस्ता खिडकीला डोके टेकवून बसलो होतो आणि शेजारच्या मुलाने न मागता स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. बाईंनी ही दोन्ही वाक्ये लाल शाईने खोडली आणि फळ्यावरची वाक्ये उतरवून घ्यायला सांगितली: निसर्गाची किमया पाहून आम्ही भारावून गेलो, आमच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्याच्या आईने ती वही मला व्हिडिओ कॉलवर दाखवली, तेव्हा गुण गेल्याचे मला काहीच वाटले नाही. पाण्याची बाटली गेल्याचे मात्र फार वाईट वाटले, कारण त्या सबंध निबंधात त्याची स्वतःची म्हणावी अशी गोष्ट तेवढीच होती.

त्यावरून आमच्या नातेवाइकांमध्ये जो वाद झाला, तो महाराष्ट्रात घरोघरी होत असेल. आधी जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घ पक्के होऊ द्या, आठवणी काय नंतरही लिहिता येतील, असे एका बाजूचे म्हणणे होते. दुसरी बाजू 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आधार घेऊन मुलांना मोकळे सोडा, चुका काढू नका, असे सांगत होती. मी अमेरिकेत राहते, माझा मुलगा इथल्या शाळेत शिकला आणि रविवारी मी लहान मुलांना मराठी शिकवते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी मला साक्षीला ओढले.

अमेरिकेत अनेक राज्यांनी 2010 पासून स्वीकारलेल्या ‘कॉमन कोअर’ या मानकांनुसार पहिलीच्या मुलाकडून अपेक्षा मोजकीच असते. घडलेल्या दोन किंवा अधिक घटना क्रमाने सांगाव्यात, काय झाले याचा थोडा तपशील द्यावा, ‘आधी’, ‘मग’ असे शब्द वापरावेत आणि गोष्ट संपल्यासारखी वाटावी, एवढेच. माझ्या मुलाच्या वर्गात बाई सबंध सहल लिहू देत नसत. सहलीतला एकच क्षण निवडायचा, त्याचे चित्र काढायचे, शेजारच्याला तो तोंडी सांगायचा आणि मग लिहायला बसायचे. हे मला मनापासून आवडले. मात्र त्याच वर्गात स्पेलिंग आणि हस्ताक्षर ‘पुढे आपोआप येईल’ म्हणून सोडून दिले गेले आणि चौथीत गेल्यावर त्याला स्वतःचेच लिहिलेले वाचता येईना. म्हणून शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्यांना मी चूक ठरवणार नाही.

पण मुलांना मोकळे सोडायचे की धरून ठेवायचे, हा मला या विषयातला मुख्य प्रश्नच वाटत नाही. मोकळे सोडलेले मूलही बहुधा ‘खूप मजा आली’ एवढेच लिहिते. माझ्या वर्गातल्या सात वर्षांच्या एका मुलीने लिहिले होते: ‘आम्ही अजीला विमानतळावर सोडले. खूप मजा आली. मग घरी आलो.’ मजा आली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. परत येताना गाडीत तू कुठे बसली होतीस, असे मी विचारले. मागे, म्हणाली. हातात काय होते? बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, आजीच्या चष्म्याची डबी. आजी ती विसरून गेली होती आणि ही घरी पोहोचेपर्यंत तिचे झाकण उघडत आणि मिटत बसली होती. ‘टक् टक् आवाज येत होता, बाबा म्हणाले बंद कर, मी नाही केला.’ हेच लिही, असे मी सांगितले. तिने लिहिले, आणि ‘अजी’चे ‘आजी’ आम्ही त्यानंतर केले. डबी कागदावर आल्यानंतर काना दुरुस्त करायला तिची काहीच हरकत नव्हती.

आईवडील घडून गेलेल्या प्रसंगांविषयी मुलांशी कसे बोलतात, याचा रॉबिन फिवुश आणि एलेन रीस यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे अभ्यास केला आहे. ‘मजा आली ना?’ असे हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारण्याऐवजी ‘मग काय झाले?’, ‘तुला कसे वाटले?’ असे विचारणाऱ्या आणि मुलाच्या उत्तरात भर घालणाऱ्या पालकांची मुले पुढे आपले अनुभव अधिक सविस्तर सांगतात, असे त्यांना आढळले. म्हणजे आठवण लिहायला शिकवण्याचे निम्मे काम मूल पेन्सिल हातात घेण्याआधीच झालेले असते, आणि ते मोठ्या माणसाने करायचे असते.

आपल्याकडे छत्रीचे, फाटक्या पुस्तकाचे, वठलेल्या झाडाचे आत्मवृत्त लिहून घेतात. कल्पनाशक्तीला ते चांगले खाद्य आहे, पण ज्याला कुणी कधी ‘तुझे काय झाले?’ असे विचारलेले नाही, ते मूल छत्रीच्या तोंडी काय घालणार? आणि मुलांनी स्वतःच्या आठवणी लिहाव्यात हे परदेशी खूळ आहे, असेही कुणी म्हणू नये. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने आपल्या समाजाचे दुःख मांडणारा निबंध लिहिला आणि तो 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. आपले जगणे आपल्या शब्दांत लिहिणाऱ्या शाळकरी मुलीची ही परंपरा मराठीची स्वतःची आहे.

एक पथ्य मात्र दोन्हीकडे पाळायला हवे. मुलांच्या आठवणींत घरातली भांडणे असतात, आजारपणे असतात. एखादी आठवण न लिहिण्याची किंवा लिहून वर्गात न वाचण्याची मुभा मुलाला असलीच पाहिजे. इथल्या वर्गांत लिहिलेले सगळे भिंतीवर लावण्याची हौस असते, ती मला पटत नाही.

वर्गातल्या मुलांच्या संख्येची अडचण खरी आहे. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक वर्गांसाठी 30 मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण धरले आहे, आणि एकेकाला बसवून विचारत राहिले तर दुसरे काहीच शिकवून होणार नाही. पण रोज चार मुलांना पाच-पाच मिनिटे दिली, तर शाळेच्या आठ दिवसांत वर्गातल्या प्रत्येकाची पाळी येते. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी चित्र काढावे किंवा शेजाऱ्याला आपली आठवण सांगावी. या लिखाणाची वही वेगळी असावी, तिला निदान तिसरीपर्यंत गुण देऊ नयेत आणि चूक सुधारायची ती आठवण पुरी लिहून झाल्यावरच. भाच्याच्या आईने अशी एक वही घरी सुरू केली आहे, आणि तिच्या पहिल्या पानावर त्याने पाण्याची बाटली पुन्हा लिहिली.