तिसरी खाच

वर्षभरात माझ्या गाडीची सीट तीन खाचा पुढे सरकली. एकदम सरकली असती तर काहीतरी बिनसलंय हे मलाही कळलं असतं. पण पहिली खाच एका सकाळी ‘आज पेडल जरा लांब पडतंय’ म्हणून, दुसरी दोन-तीन महिन्यांनी, आणि तिसरी कधी सरकवली ते आठवतही नाही. शेवटी स्टिअरिंग पोटाला टेकायला लागलं. घरात त्याचं खापर अर्थातच पोटावर फुटलं आणि माझं रात्रीचं ताट निम्म्यावर आलं. मी निमूट राहिलो. पोटाच्या बाबतीत माझी बाजू मुळातच लंगडी आहे.

खरा प्रकार उघडकीला आणला एका मित्रानं. गाडी त्याच्या हातात दिली, तर हा बसल्या बसल्या खाली वाकला.

“अरे, तुझा क्लच कुठाय?”

“आहे की तिथेच.”

“तिथेच नाही, तळघरात आहे!”

बघतो तर क्लचचं पेडल ब्रेकच्या पेडलापेक्षा चांगलं दोन बोटं खाली. शिवाय पार तळाला टेकवल्याशिवाय क्लच सुटत नव्हता (म्हणजे इंजिन गिअरपासून वेगळं होत नव्हतं), म्हणून रिव्हर्स टाकताना दर वेळी खर्रर्र. गाडी २२ वर्षांची. मी तो आवाज वयाचा खोकला समजत होतो. वास्तविक क्लच पुरता सुटला नाही की जुन्या गाड्यांत पहिली बोंब रिव्हर्सच मारतो, कारण पुढच्या गिअरना सांभाळून घेणारी, दात अडकण्याआधी वेग जुळवून देणारी सिंक्रोची सोय त्याला बहुधा नसते.

“क्लचची प्लेट गेली,” असं तिघांनी सांगितलं. त्यातल्या दोघांनी गाडी पाहिलीही नव्हती. आता प्लेट गेली की क्लच घसरतो, इंजिन बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही. माझी गाडी तर बिचारी उचलत होती. पण क्लचविषयी बोलताना माणसं तीन निराळ्या गोष्टींची खिचडी करतात: पेडल किती उंचीवर उभं आहे, दाबताना सुरुवातीला किती अंतर फुकट जातं (ह्याला प्ले म्हणतात), आणि सोडताना क्लच नेमका कुठे पकडतो. हे ज्ञान मला नंतर झालं. त्या दिवशी मीही मोठ्या चमच्यानं खिचडीच ढवळत होतो.

माझ्या गाडीत केबल नाही, तेलावर चालणारा क्लच आहे. तेव्हा ‘लायनीत हवा धरली असणार’ हे माझं निदान. हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं आणि धरायचं. दुसऱ्यानं गिअरबॉक्सजवळच्या सिलिंडरचं निपल (हवा सोडायचा बारीक स्क्रू) ढिलं करून बुडबुडे जाऊ द्यायचे, निपल बंद करायचं, आणि मगच पेडल सोडायचं. निपल उघडं असताना पेडल सोडलं की गेलेली हवा पुन्हा आत. आत बायको, बाहेर मी, मध्ये उघडं बॉनेट. म्हणजे कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही.

“दाब!”

“दाबलंय.”

“दाबलंय म्हणजे आत्ता दाबलंस, की आधीपासून दाबलेलं होतं?”

“तुम्ही मघाशी दाब म्हणालात ना, तेव्हापासून दाबलंय.”

“मग सोडलं कधी?”

“सोड कुठे म्हणालात?”

“अगं, मग मी उघडलं तेव्हा बुडबुडे कसे आले नाहीत?”

“अहो, ते मला काय विचारता? मी आत आहे.”

अर्ध्या तासानं “धरलंय का?” ह्या प्रश्नाला “हो” असं उत्तर आलं, मी निपल उघडलं, आणि त्याच क्षणी तिला फोन आला. फोन पर्समध्ये होता, पर्स मागच्या सीटवर. पुढचं सांगत नाही. थोडं तेल मडगार्डवर सांडलं, ते पुसायचं राहिलं. क्लचमध्येही ब्रेकचंच तेल असतं आणि ते रंग खातं, हे मला माहीत होतं. आता मडगार्डलाही माहीत आहे.

हवा थोडी निघाली, पेडल थोडं कडक झालं, पण उभं राहायचं तिथेच राहिलं. मग गाडीचं पुस्तक काढलं. उंची मोजायची ती गालिचा बाजूला करून, खालच्या पत्र्यापासून. गालिच्याखाली एक वाळलेलं पेन, दोन हेअरक्लिपा आणि एक किल्ली मिळाली. त्या किल्लीचं कुलूप कुठलं, ह्यावर घरात अजून एकमत नाही.

पेडल ज्या पुशरॉडला (तेल ढकलणाऱ्या पिस्टनला रेटणाऱ्या दांड्याला) जोडलेलं असतं, त्याची लांबी फिरवून कमी-जास्त करता येते. तो असतो डॅशबोर्डच्या खाली, अगदी आत. तिथे पोचायला डोकं पेडलांपाशी, पाठ सीटच्या कडेवर आणि पाय सीटच्या पाठीवर टाकावे लागतात. तोंडात टॉर्च. ह्या अवस्थेत मी रॉड जागच्या जागी धरणारा लॉकनट सोडला आणि पेडल ब्रेकच्या बरोबरीनं येईपर्यंत रॉड फिरवला. काय देखणं दिसत होतं! फेरी मारायला निघालो, तर दहा मिनिटांत क्लच घसरायला लागला. प्ले मी पार संपवून टाकला होता. रॉड पिस्टनला टेकून राहिला की पिस्टन पुरता मागे येत नाही, तेल परत क्लचच्या तेलाच्या टाकीत जायचं बारीक भोक झाकलेलं राहतं, तापलेलं तेल फुगतं, आणि कुणी पाय न लावताही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. म्हणजे चांगली प्लेट मी स्वहस्ते घालवायला निघालो होतो. तिघेही भविष्यवेत्ते ठरले असते.

पुन्हा पाय वर, डोकं खाली. रॉड पूर्ववत करताना टॉर्चचा उजेड एका पिनेवर पडला. पेडल आणि रॉड जोडणारी, करंगळीच्या पेराएवढी पिन. झिजून तिची कंबर बारीक झालेली, आणि ती ज्यात बसते ते गोल भोक लांबट. पेडल म्हणजे तरफ. पिनेत १ मिलिमीटर ढिलाई असेल तर पायाखाली तिचे सहज ५-६ मिलिमीटर होतात. वर, पेडल मागे ओढणारी स्प्रिंग एका टोकानं सुटून खिडकीच्या पडद्यासारखी लोंबत होती. तिचा आधार गेल्यावर पेडल स्वतःच्या वजनानं, मिळेल तेवढं खाली उतरून बसलं होतं.

पिन बदलली, स्प्रिंग अडकवली, भोकात बुश, म्हणजे ढिलाई भरून काढणारी छोटी नळी, बसवला. पेडल ब्रेकच्या शेजारी येऊन उभं राहिलं, वर बोटभर प्लेही. रिव्हर्स हूं की चूं न करता पडला. मी बायकोला मुद्दाम बोलावलं, आणि तिच्या देखत सीट मागे घेतली. एक खाच. दुसरी खाच. क्लच दाबून पाहिला, पाय सुखानं तळाशी पोचला. मग विजयी मुद्रेनं तिसरी खाच घेतली, आणि क्लच पुन्हा लांब पडला. परत एक खाच पुढे आलो, तर स्टिअरिंग पोटाला टेकलं.

ती खिडकीतून हे सगळं मोजत होती.

“दोन क्लचच्या,” ती म्हणाली, “तिसरी तुमची.”